केळवणाची पाकिटं, जीपेचे आहेर: लग्नाआधी आलेले पैसे कुणाचे आणि खर्चायचे कधी?

पिवळा_चाफा

नमस्कार मंडळी. सल्ला हवाय आणि थोडं मनही मोकळं करायचंय.

माझं लग्न मार्गशीर्षात आहे. आम्ही पुण्याचे, सासर अमरावतीचं. सध्या केळवणांचा सपाटा सुरू आहे. दर शनिवार-रविवारी कुणाकडे तरी पुरणपोळी नाहीतर श्रीखंड-पुरी, औक्षण, ओटी आणि निघताना हातात पाकीट. साडी आली तर ती कुणी नेसायची याबद्दल वाद नसतो. पाकिटांचं तसं नाही, हे मला आता कळतंय.

पत्रिकेवर आम्ही 'आपली उपस्थिती हाच आमचा आहेर' असं छापलंय. आम्हा दोघांचीही तशी इच्छा होती. मग केळवणाला पाकीट घेणं हा दुटप्पीपणा होतो का? एका काकांनी हसत हसत टोमणा मारलाच: 'पत्रिकेत नको आणि पर्समध्ये चालतं होय!'

दुसरं म्हणजे, बाबा परवा सहज म्हणाले की केटररचा दुसरा हप्ता द्यायचाय, पाकिटांतले वापरू, नंतर हिशेब करू. आई म्हणते, लग्न लागेपर्यंत त्यातला रुपया हलवायचा नाही. त्यावरून घरात धुसफूस चालू आहे. त्यातच साताऱ्याच्या आत्यानं पाकीट माझ्या हातात न देता सरळ बाबांच्या खिशात घातलं. ते कुणाचं?

होणाऱ्या नवऱ्याच्या पुण्यातल्या मावशीनं आमचं दोघांचं एकत्र केळवण केलं आणि पाकीट माझ्या हातात दिलं. तो म्हणतो, ठेव तुझ्याकडे. पण त्याच्या आईनं फोनवर विचारलं, 'मावशीनं काय दिलं गं?' प्रश्न साधा होता की हिशेबाचा, मला अजून उमगलेलं नाही.

आणि ऑफिसमधली मंडळी. 'लग्नाला यायला जमणार नाही' म्हणून काहींनी जीपे केलं, एकानं चक्क यूपीआय आयडी मागितलाय. दिला तर मी आहेर मागितल्यासारखं होईल का?

कसं निस्तरायचं हे?

वाड्यातली_काकू

अभिनंदन गं! आधी एक वही घे. दोनशे पानी, पुठ्ठ्याची. मोबाइलमधल्या यादीवर विसंबू नकोस, कारण ही वही तुला वीस-पंचवीस वर्षांनी लागणार आहे आणि तोवर फोन किती बदलतील देव जाणे.

पाकीट हातात आलं की यजमानांसमोर उघडायचं नाही, बाजूला ठेवतानाही चाचपायचं नाही. घरी आल्यावर त्याच रात्री, दोघांनी मिळून उघडायचं. एकानं मोजायचं, एकानं लिहायचं. आधी पाकिटावर नाव आहे का बघ. पुष्कळदा लोक नाव लिहायला विसरतात आणि आपल्याला वाटतं लक्षात राहील. नाही राहत. वहीत नाव, गाव, कुणाच्या बाजूचे, कोणत्या निमित्तानं दिलं (साखरपुडा, केळवण, ग्रहमख म्हणजे लग्नाआधीची ग्रहशांती, लग्न), किती, आणि शेवटचा रकाना मोकळा सोडायचा. त्यांच्या घरी कार्य झालं की आपण काय दिलं ते तिथे लिहायचं. माझ्या वहीत ५१ रुपयेवाले पुष्कळ आहेत. त्यांच्या मुलांच्या लग्नात मी ५१ घेऊन गेले नाही हे सांगायला नकोच. पण वहीत नाव आहे म्हणजे जायलाच हवं, हे मात्र मी पाळलं.

आता पत्रिकेचं. पत्रिकेतली ओळ कार्यालयात येणाऱ्यांसाठी असते. केळवण हा त्यांच्या घरचा मान आहे, पाहुणी तू आहेस. ओटीत घातलेलं परत करायचं नसतं. त्या काकांना म्हणावं, तुम्ही केळवणाला बोलवा, मग बघू पर्समध्ये काय चालतं ते.

आणि केळवणाला रिकाम्या हातानं जात जाऊ नकोस. पेढे, फळं, घरात लहान मूल असेल तर त्याच्यासाठी काहीतरी.

नेमस्त

काकूंच्या वहीला अनुमोदन, पत्रिकेबद्दल असहमत.

छापलं आहे तर पाळावं. आमच्या लग्नात हीच ओळ होती आणि मी ती केळवणापासून लागू केली होती. पाकीट पुढे आलं की त्यातलं फक्त एक रुपयाचं नाणं आशीर्वाद म्हणून ठेवायचो आणि बाकी परत. निम्म्या लोकांना पटलं. उरलेल्या निम्म्यांपैकी एक काका वर्षभर बोलत नव्हते. 'त्यानं मुंजीत घेतलं, आता मोठा झाला काय?' असं त्यांनी माझ्या वडिलांना ऐकवलं. तरी मला पश्चात्ताप नाही. आपण नको म्हणतो आणि ते देतात, मग आपण घेतो, हा जो लटका झगडा चालतो त्याचा मला कंटाळा आहे.

चहाटळ

नेमस्तराव, पाकीट उघडून त्यातलं नाणं काढून परत देणं म्हणजे यजमानांसमोरच उघडणं झालं की. काकूंचा नियम क्रमांक एक मोडलात. (हलके घ्या.)

नेमस्त

नाणं पाकिटावर चिकटवलेलं असतं हो, बाहेरून. हल्ली सगळी पाकिटं तशीच मिळतात.

माजलगावकर

धागा वाचून गंमत वाटली. आमच्याकडं गावात आहेर लपवून घेतच नाहीत. मांडवात टेबल, टेबलावर वही, वहीपाशी भावकीतला अक्षर चांगलं असलेला माणूस, आणि बाजूला माइकवाला: 'अमुक गावचे अमुक पाव्हणे यांच्याकडून पाचशे एक रुपये आहेर!' सगळ्या मांडवाला कळतं. टॉवेल-टोपी वेगळी. शहरातल्या लोकांना हे गावंढळ वाटतं, पण यात एक सोय आहे. कुणी किती दिलं यावर नंतर कुजबूज होत नाही, आधीच होऊन जाते.

ताई, तुमच्या बाबांचं मला चुकीचं वाटत नाही. आमच्या भागात लग्नाच्या आधीच भाऊबंद येऊन विचारतात, काय कमी पडतंय? कुणी गव्हाचं पोतं देतो, कुणी तेलाचा डबा, कुणी रोख. हे द्यायचंच कार्य पार पाडायला. ते लग्न होईपर्यंत कपाटात ठेवलं तर हलवायाला पैसे कुठून देणार? आहेर म्हणजे बिनव्याजी उचल आहे. आज माझ्या घरी कार्य, तुम्ही देता. उद्या तुमच्या घरी, मी देतो. एखाद्या वर्षी पाऊस नसला तरी द्यावं लागतं, हे त्यातलं दुखणं. पण ज्याच्या नावावर ही उचल चढते, त्यानं ती वापरली तर बिघडलं काय?

म्हणून माझा साधा हिशेब: जो फेडणार, त्याचा आहेर. साताऱ्याच्या आत्याच्या घरचं पुढचं कार्य आलं की पाकीट कोण देणार? बाबा. मग ते पाकीट बाबांचं. तुमच्या मैत्रिणीच्या लग्नात कोण देणार? तुम्ही. ते तुमचं.

वाड्यातली_काकू

माजलगावकर, लाखातलं बोललात. आमच्यात ग्रहमखाला बसलेल्या आईवडिलांना घरचे आहेर होतात ते याच हिशेबानं, तो त्यांचा व्यवहार असतो. मुलीनं त्यावर नजर ठेवायची नसते.

काळा_डगला

वकील आहे म्हणून थोडा पाण्यात खडा टाकतो.

'फेडणार त्याचा' हा समाजाचा हिशेब झाला, आणि व्यवहारात तो बराचसा चालतो. कायदा मात्र विचारतो: कुणाला दिलं? वधूला दिलेली भेट, मग ती लग्नाआधी असो, लग्नात असो वा नंतर, माहेरच्यांनी दिलेली असो वा सासरच्यांनी, ती तिचं स्त्रीधन. प्रतिभा राणी विरुद्ध सूरज कुमार या १९८५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट म्हटलं की स्त्रीधन ही तिची एकटीची मालमत्ता आहे. नवरा किंवा सासू-सासरे फार तर ते सांभाळणारे. २०२४ मध्ये तेलंगणातल्या एका प्रकरणात मुलीचं स्त्रीधन परत मिळावं म्हणून वडिलांनी तिच्या पूर्वीच्या सासरच्यांविरुद्ध तक्रार केली होती. तिथेही न्यायालयानं सांगितलं की मुलीनं अधिकार दिलेला नसताना वडिलांनाही त्यावर हक्क सांगता येत नाही.

म्हणजे आत्यानं बाबांच्या खिशात घातलं ते बाबांचं, इथे समाज आणि कायदा दोघांचं जमतं. ओटीत आलं ते तुमचं. मावशीनं हातात दिलं तेही तुमचंच, ती कुणाचीही मावशी असो. बाबांना हप्त्यासाठी द्यायचे असतील तर तुम्ही द्या की, आनंदानं द्या. फक्त ते 'दिले' असं झालं पाहिजे, 'घेतले' असं नाही.

आणखी एक, जे बहुतेक घरांत कुणालाच ठाऊक नसतं. हुंडा प्रतिबंधक कायदा १९६१ चा, पण त्याखाली १९८५ साली भेटींच्या यादीचे नियम झाले. वधूला आलेल्या भेटींची यादी वधूनं ठेवायची, वराच्या भेटींची वरानं. त्यात भेटीचं थोडक्यात वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव, नातं असेल तर ते, आणि खाली दोघांच्याही सह्या. काकूंची वही जवळपास तीच आहे, फक्त सह्या नाहीत. न मागता, रिवाजाप्रमाणे, ऐपतीनुसार दिलेल्या भेटींना कायदा हात लावत नाही, पण त्या यादीत असाव्यात ही अट आहे.

आणि 'न मागता' हा शब्द महत्त्वाचा. मानपानाच्या नावाखाली 'आमच्याकडच्या एवढ्या लोकांना एवढ्याची पाकिटं लागतील' असा निरोप आला तर त्याला आहेर म्हणत नाहीत. लग्नाआधी, लग्नात किंवा नंतर, केव्हाही मागितलं तरी तो हुंडाच, आणि घेणाऱ्याबरोबर देणाऱ्यालाही किमान पाच वर्षांची शिक्षा लिहिलेली आहे.

चहाटळ

धाग्याची सुरुवात श्रीखंड-पुरीनं झाली होती, वकीलसाहेब पाच वर्षांवर आले. मी चहा टाकून आलो.

वऱ्हाडी_वारा

अमरावतीवाल्यांची बाजू घ्याले कोणी तरी पाहिजे ना!

चाफा, सासूबाईंनी 'काय दिलं' विचारलं तर लगेच हिशेबाच्या नजरेनं नका पाहू. आमच्याकडे हे विचारतातच. माजलगावकरांनी सांगितलं तेच कारण आहे. ती मावशी त्यांची बहीण. बहिणीच्या मुलांच्या लग्नात पाकीट तुमच्या सासूबाईंना द्यावं लागंल, तुम्हाला थोडंच. त्यांच्या वहीत मावशीच्या नावापुढे आकडा कोरा राहिला तर त्यांना दिवसभर करमणार नाही. सरळ सांगून टाका, 'एवढे होते आई, मी लिहून ठेवलेत.' पैसे तुमच्याकडे, आकडा दोघींकडे. लपवलं तरच बात वाढते बाप्पा.

पिवळा_चाफा

वऱ्हाडी_वारा, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आज फोन करून सांगितलं. पलीकडून फक्त 'बरं, लिहून घेते' एवढंच आलं आणि मग पंधरा मिनिटं त्याच मावशीच्या मोठ्या मुलाचं लग्न कसं जमत नाही यावर गप्पा. खूप आभार.

आत्याचं पाकीट बाबांचं, हेही मला पटलं. ओटीतले मात्र लग्न होईपर्यंत ठेवावेत असं आई का म्हणते, ते नीट कळत नाही. ती नुसतं 'नसतं करायचं' म्हणते.

सई_परब

आई काय म्हणत असेल ते मी सांगते, कारण आमच्या घरात हे घडलंय.

एका चुलत बहिणीचं लग्न केळवणं वगैरे झाल्यावर मोडलं. कारण काय ते जाऊ दे. मुद्दा असा की पाकिटांतले पैसे तोवर दागिन्यांच्या घडणावळीत गेले होते. आणि आमच्या काकांचा आग्रह की एकूण एक पाकीट परत गेलं पाहिजे. ते त्यांनी केलंही, दारोदार जाऊन, त्याच रकमेची नवी पाकिटं घेऊन. वही होती म्हणून जमलं. काहींनी घेतलं, पुष्कळांनी 'पुढच्या वेळेसाठी राहू दे' म्हणून परत पाठवलं. त्यात मला फार माया दिसली. नेसलेल्या साड्या आणि ओटीतले तांदूळ-नारळ कुणी परत करत नाही, ते तसंच असावं. पण मुलाकडून आलेलं सगळं, साखरपुड्याची साडी, अंगठी, त्याच्या नातेवाइकांची पाकिटं, एका खेपेत आणि दोन्हीकडचा एकेक मोठा माणूस हजर असताना परत केलं. ते मात्र उधार ठेवू नये.

म्हणून लग्नाआधीचे पैसे वेगळे ठेवावेत, हे माझंही मत. लग्न नुसतं पुढे ढकललं तर परत करायची गरज नाही, फक्त नवी तारीख त्या सगळ्यांना आधी कळवायची. ग्रुपवर टाकून मोकळं होऊ नये.

माजलगावकर

सई ताईंचं खरं आहे, पण ज्याच्याकडं वेगळे ठेवायची ऐपत आहे त्यानं ठेवावेत. आमच्याकडं मुलीच्या बापाला पुष्कळदा तेवढी मोकळीक नसते.

सई_परब

मान्य. आमच्या काकांनाही नव्हती. म्हणूनच परत करताना कर्ज काढलं.

तांबडी_माती

वेगळे ठेवा, पण बंद पाकिटात ठेवू नका!

माझं लग्न २०१६ च्या डिसेंबरमधलं. आजीचा हट्ट होता की लग्नाआधी पाकीट फोडायचं नाही. दिवाळीच्या सुमारास केळवणं झाली, पाकिटं तशीच डब्यात. ८ नोव्हेंबरच्या रात्री पाचशे-हजारच्या नोटा बाद झाल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आजी स्वतःच म्हणाली, आणा तो डबा. कारण अर्थातच सगळ्यांनी ५०१ आणि १००१ दिले होते. मग बाबा बँकेच्या रांगेत. लग्नघरांना अडीच लाख काढायची सवलत नंतर जाहीर झाली, पण तिच्या अटी वाचूनच घाम फुटायचा. २०२३ च्या मे महिन्यात दोन हजारची नोट मागे घेतली तेव्हा आजीच्या आठवणीनं घरात सगळे हसलो, तोवर पाकिटं त्याच रात्री फोडायची पद्धत पडली होती.

चेकचं तर त्याहून वाईट. २०१२ पासून चेक तीनच महिने चालतो. साखरपुड्याला मिळालेला चेक लग्नानंतर सवडीनं भरू म्हटलं तर गेला. आणि आत्या-मावश्या हौसेनं सासरच्या आडनावानं चेक लिहितात! त्या नावाचं खातं असतं कुठे? मुलीनं नाव बदलायचं ठरवलंय की नाही हेही कुणी विचारलेलं नसतं. असा चेक आला तर संकोच न करता परत द्यावा आणि खात्यावरच्या नावानं लिहून घ्यावा.

गोदाकाठ

कराचं कुणी विचारलं नाही पण येणारच आहे, म्हणून सांगून टाकते. (सीए आहे, नाशिक.)

लग्नाच्या निमित्तानं वधूला किंवा वराला मिळालेल्या भेटीवर आयकर नाही. रक्कम कितीही असो, देणारा नात्यातला असो वा नसो. हा फायदा ज्याचं लग्न आहे त्यालाच. बाबांच्या मित्रानं बाबांच्या खात्यात 'मुलीच्या लग्नासाठी' म्हणून पैसे टाकले तर ती बाबांना मिळालेली भेट धरली जाते. अशा बिगरनातेवाइकांच्या भेटी वर्षभरात ५०,००० च्या वर गेल्या की अख्खी रक्कम उत्पन्नात. ५०,००० च्या वरची फक्त नाही, अख्खी. आत्यानं बाबांना दिलं त्याला काही होत नाही, बहीण नातेवाइकात बसते.

नातेवाईक म्हणजे कोण याची यादी कायद्यात दिलेली आहे. नवरा-बायको, भावंडं, जोडीदाराची भावंडं, आईवडिलांची भावंडं, सरळ रेषेतले पूर्वज आणि वंशज, आणि या सगळ्यांचे जोडीदार. म्हणजे मामा-मामी, काका-काकू, मावशी, आत्या आले. मावसभाऊ, चुलतबहीण, आतेभाऊ नाही आले.

मोठी रक्कम रोखीत घेऊ नका. एका माणसाकडून एका प्रसंगासाठी २ लाख किंवा जास्त रोख घेता येत नाही, आणि घेतली तर घेणाऱ्याला तेवढाच दंड. केळवणाला एक लाख आणि लग्नात एक लाख अशी फोड केली तरी प्रसंग एकच धरला जाऊ शकतो. मोठ्या मामांना सांगा, खात्यावर पाठवा.

कायद्यात 'लग्नाच्या निमित्तानं' एवढंच म्हटलंय, महिना-तारखेची चौकट नाही. म्हणून निमित्त कागदावर दिसू द्या. पत्रिका जपून ठेवा, यादी ठेवा, यूपीआय करणाऱ्याला शेऱ्यात 'लग्नाचा आहेर' लिहायला सांगा. आहेराचे पैसे मुदत ठेवीत टाकलेत तर व्याजावर कर आहे, ते विसरू नका.

चहाटळ

म्हणजे मावसभाऊ नातेवाईक नाही. हे आमच्या मावशीला कोण सांगणार? स्वयंसेवक हवेत.

एडिसनची_वहिनी

इकडे न्यू जर्सीत आपल्या लोकांच्या पत्रिकेवर 'नो बॉक्स्ड गिफ्ट्स' असतं. म्हणजे खोकी नकोत, पाकीट चालेल, हे सगळ्यांना न बोलता कळतं. तुमच्या 'उपस्थिती हाच आहेर' पेक्षा ते मला प्रामाणिक वाटतं, राग मानू नका. ज्यांना खरंच काही नको असतं ते थेट एखाद्या संस्थेचं नाव देतात.

यूपीआय आयडीबद्दल: कुणी मागितला तर द्यावा. मागितल्यावर देणं आणि आपणहून पत्रिकेवर छापणं यात फरक आहे.

नेमस्त

छापतात हो. २०२१ च्या जानेवारीत मदुराईच्या एका घरानं पत्रिकेवर क्यूआर कोड छापला होता, देशभर बातमी झाली. तेव्हा मी नाक मुरडलं होतं. पण लगेच त्या एप्रिलमध्ये आपल्याकडे लग्नाला २५ माणसं आणि दोन तास असा नियम आला, आणि माझ्या मेव्हण्याच्या लग्नात निम्म्याहून जास्त आहेर फोनवर आला. कुणाला वाईट वाटलं नाही. उलट घरी अडकलेल्या म्हाताऱ्या माणसांना आपण काहीतरी केलं याचं समाधान होतं. तरीही क्यूआर कोड पत्रिकेवर नकोच, या मतावर मी ठाम आहे.

वाड्यातली_काकू

फोनवर आलेल्या आहेराला फोननंच उत्तर द्यायचं, म्हणजे बोलून. नुसता हात जोडलेला टिकल्या-बाहुल्यांचा मेसेज नको. दोन दिवसांत फोन, 'मिळालं, खूप बरं वाटलं, घरी या.' आकडा बोलून दाखवायचा नाही. आणि घरच्या ग्रुपवर 'अमक्यांचे आहेराबद्दल आभार' असं तर कध्धीच लिहू नकोस. ज्यांचं नाव राहिलं ते, आणि ज्यांनी दिलं नाही ते, दोघंही दुखावतात.

पिवळा_चाफा

ऑफिसमध्ये सगळ्यांनी कॉन्ट्री काढून एकत्र रक्कम पाठवली, कुणी किती दिले माहीत नाही. ते वहीत कसं लिहू?

तांबडी_माती

टीमचं नाव लिही आणि ज्यानं गोळा केले त्याचं नाव. कुणी किती हे विचारायचं नाही, मुद्दाम एकत्र दिलेत त्यामागे तेच कारण असतं. पुढे त्यांच्यापैकी कुणाचं लग्न निघालं की तूही कॉन्ट्रीत दे. आणि लग्नानंतर पेढे घेऊन जाशील तेव्हा सगळ्या मजल्याला वाट, नाहीतर ज्यानं दिले तो नेमका दुसऱ्या टीममधला निघतो.

पिवळा_चाफा

आमचं ठरलं ते लिहिते. बाबांकडे आलेली पाकिटं बाबांची, ती हप्त्यात गेली. माझी सगळी वेगळ्या खात्यात भरली, लग्नानंतर बघू. त्याच्याकडच्यांनी त्याला दिलेली त्याच्याकडे, आणि दोघांना मिळून आलेल्यांची यादी दोन्ही वह्यांत. सह्यांचं त्याला सांगितलं तर आधी हसला, मग म्हणाला, चल करू, निदान तुझं अक्षर तरी कळेल. पत्रिका छापून झाल्यात, ती ओळ राहणार. कार्यालयात टेबल मांडणार नाही, कुणी हातात दिलंच तर घेऊ. नेमस्त, तुम्हाला हे पटणार नाही, माहीत आहे.

एक राहिलंच. एका केळवणानंतर पिशवीत एक जास्तीचं पाकीट निघालं. नाव नाही, आत १,१०१. तिथे यजमानांचे शेजारी वगैरेही जेवायला होते. कुणाला विचारू?

वाड्यातली_काकू

थेट 'हे पाकीट तुमचं का' असं कुणाला विचारू नकोस. ज्यांनी दिलं नसेल त्यांना उगाच ओशाळं वाटेल. यजमानीणबाईंना फोन कर आणि त्या दिवशी कोण कोण आलं होतं त्यांची नावं घे, 'वहीत लिहायचीत' एवढंच सांग. ज्यांची नोंद झालेली नाही असे किती उरतात बघ. एकच उरलं तर प्रश्न मिटला. जास्त उरले तर सगळ्यांना आमंत्रणाचा फोन कर आणि केळवणाला आल्याबद्दल आभार मान. ज्यांनी दिलं असेल ते आपणहून बोलतील.

माजलगावकर

नाही बोलले तर आमच्याकडं पाठवा, माइकवरून पुकारतो.

वऱ्हाडी_वारा

काकू, आमच्याकडे एकदा असंच आभाराचे फोन केले होते. एका बेनामी पाकिटावर तिघांनी 'हो हो, ते आमचंच' म्हणून सांगितलं. शेवटी तिघांचीही नावं लिहिली वहीत आणि तिघांच्याही पोरांच्या लग्नात पाकीट दिलं.